रणगाड्याचे गणगोत

शाळेच्या वहीचे मागचे पान हे काल्पनिक देशांचे जुने वसतिस्थान आहे. तेथे आधी झेंडा ठरतो, मग राजधानी, मग सीमारेषा, आणि सीमारेषा आखून झाली की सैन्य येते. सैन्यात पहिला मान रणगाड्याचा. लांब तोफ, उतरते चिलखत, दोन्ही बाजूंना पट्टे. त्याच्या नावापुढे ‘मार्क १’ लिहिले जाते. पुढच्या पानावर ‘मार्क २’ येतो, आणि त्याची तोफ आणखी थोडी लांब असते. इतिहासाचे वेड लागलेल्या बहुतेकांनी असा एखादा देश कधी ना कधी सांभाळलेला असतो. आजचा धागा त्या देशांच्या संरक्षणमंत्र्यांसाठी आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

समजा, असा एक देश शीव कोळीवाड्यात वसवायचा आहे.

जागा वाटते तितकी विचित्र नाही. ‘शीव’ म्हणजेच हद्द, गावाची वेस. मुंबई बेटे जेथे संपत आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई, त्या कडेचे हे नाव. ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात मुंबई आल्यावर १६६९ ते १६७७ या काळात, जेरार्ड आँजियर गव्हर्नर असताना, येथील टेकडीवर किल्ला बांधला गेला. त्याचे काम एकच होते : खाडीपलीकडे पाहत राहणे. पलीकडे पोर्तुगीज होते. १७३७ ते १७३९ या वर्षांत चिमाजी अप्पांच्या मोहिमेने साष्टी आणि वसई घेतली, तेव्हा त्याच टेकडीवरून पहारेकऱ्यांना समोर मराठ्यांचे राज्य दिसू लागले. १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी जिंकली आणि टेकडीला पाहण्यासारखे काही उरले नाही. टेकडीच्या आसपास खाजण, मिठागरे, तिवरे आणि कोळ्यांची वस्ती. भूगोल असा की कोणत्याही संरक्षणमंत्र्याने डोक्याला हात लावावा.

हद्दीचे हे गाव विसाव्या शतकात आणखी एका हद्दीला जोडले गेले. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराच्या बराकी उभ्या राहिल्या. युद्ध संपले, सैनिक गेले, आणि १९४७ मध्ये त्या बराकींत फाळणीचे निर्वासित उतरले : पश्चिम पंजाबातले शीख व हिंदू, सिंधमधले सिंधी. पूर्वीचे कोळीवाडा स्थानक आज गुरू तेगबहादूर नगर म्हणून ओळखले जाते ते त्यामुळेच. (हॉटेलांच्या यादीत ‘कोळीवाडा’ या नावाने मिळणारी तळलेली कोळंबीही बहुधा याच शेजारातून जन्मली : मासळी येथल्या खाडीची, मसाला आणि कढई पंजाबची.) रेडक्लिफची रेषा येथून शेकडो कोस दूर होती, तरी तिच्यामुळे बेघर झालेली माणसे शीवेवर येऊन राहिली. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. धाग्याच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

आता वहीतला रणगाडा या भूमीवर उतरवून पाहू.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सॉमच्या लढाईत ब्रिटिशांनी पहिल्यांदा रणगाडे वापरले. गुप्तता राखण्यासाठी त्यांना पाण्याच्या टाक्या म्हटले गेले आणि इंग्रजीत ‘टँक’ हे नाव कायमचे चिकटले. मराठीने मात्र ‘रणगाडा’ असा स्वच्छ शब्द घडवला. त्या पहिल्या रणगाड्याचे खरे काम तोफ डागणे एवढेच नव्हते. काटेरी तारा चिरडणे, खंदक ओलांडणे, चिखलातून पुढे सरकणे, ही त्याची कामे होती. म्हणजे जन्मापासून रणगाड्याचे पहिले भांडण शत्रूच्या आधी जमिनीशी आहे.

पट्टे लागतात ते त्यासाठीच. चाळीस टनांचे वाहन चार-सहा चाकांवर उभे केले तर शेतात रुतते. तेच वजन दोन लांब, रुंद पट्ट्यांवर पसरले की जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर येणारा भार चालत्या माणसाच्या एका पावलाखालच्या भाराच्या आसपास येतो. पट्ट्यांवरचे वाहन आपला रस्ता आपणच अंथरते, त्यावरून जाते आणि मागचा रस्ता गुंडाळून पुन्हा पुढे टाकते. तरीही चालत्या माणसाचा पाय खाजणात गुडघ्याइतका जातो, हे शीवच्या कोळ्याला कोणी सांगायला नको. जेथे माणूस रुततो तेथे रणगाडाही रुततो. माणसाला हात देऊन ओढता येते. रणगाड्याला ओढायला दुसरा रणगाडाच लागतो.

याचा सर्वांत महागडा धडा सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे मिळाला. पाकिस्तानकडे अमेरिकी पॅटन होते, भारतीय बाजूकडच्या जुन्या शर्मन रणगाड्यांपेक्षा आणि फ्रेंच बनावटीच्या हलक्या एएमएक्स-१३ पेक्षा कितीतरी सरस. चौथ्या माउंटन डिव्हिजनने उसाच्या शेतांत पाणी सोडले. पॅटन त्या चिखलात मंदावले, काही रुतले, आणि उसाच्या आडोशाला दबा धरलेल्या तोफांच्या टप्प्यात आले. भारतीय नोंदींप्रमाणे तेथे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. पकडलेले पॅटन भिखीविंडजवळ इतक्या संख्येने मांडले गेले की त्या जागेला पॅटन नगर म्हणू लागले. वहीत रणगाड्याची तोफ आणि चिलखत यांचे आकडे लिहिले जातात. उसाला दिलेल्या पाण्यासाठी रकाना नसतो.

म्हणूनच कोणत्याही गंभीर देशाला एकटा रणगाडा पुरत नाही. त्याला रणगाड्याचे कुटुंब लागते. एकच धड, एकच इंजिन, तेच पट्टे. वर मात्र कामाप्रमाणे वेगळे शरीर. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश व्हॅलेंटाइन हा याचा चांगला नमुना. व्हॅलेंटाइनच्या धडावर घडी घातलेला पूल बसवला, तर तो नाल्यावर पूल टाकणारे वाहन झाला. तोफखान्याची तोफ बसवली, तर ‘बिशप’ झाला. कापडी पडदा लावून पाण्यात उतरवला, तर पोहणारा रणगाडा. आणि रणगाडाभेदी लांब तोफ बसवली, तर ‘आर्चर’. तोफ इतकी लांब की ती मागच्या बाजूला रोखूनच बसवावी लागली. आर्चरचा चालक शत्रूकडे पाठ करून बसे. ही अडचण वाटते, पण गोळा डागून लगेच सरळ पुढे निघून जाता येई, म्हणजे प्रत्यक्षात माघार घेता येई. कुटुंबात असा एखादा उलट्या तोंडाचा काकाही असतो.

वहीतल्या देशाची ठरलेली चूक अशी की प्रत्येक वाहन मुळापासून नवे काढले जाते. चित्रात ते सुंदर दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक वाहनासाठी वेगळे सुटे भाग, वेगळे मेकॅनिक, वेगळे प्रशिक्षण. हसण्याचे कारण नाही. १९६५ च्या भारतीय सैन्याची अवस्था साधारण हीच होती. ब्रिटिश सेंच्युरियन, अमेरिकी शर्मन आणि स्टुअर्ट, फ्रेंच एएमएक्स-१३, सोव्हिएत पीटी-७६ : चार देशांचे रणगाडे एकाच छावणीत. हे कुटुंब कमी आणि धर्मशाळा जास्त होती.

त्यातून बाहेर पडण्याचा पहिला प्रयत्न म्हणजे ‘विजयंता’. १९६१ मध्ये ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीशी करार झाला, मद्रासजवळ आवडी येथे कारखाना उभा राहिला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९८३ पर्यंत तेथे विजयंता तयार होत राहिला. १०५ मिलिमीटरची तोफ उत्तम. लेलँडचे इंजिन मात्र कुरकुरे. पहिल्या पिढीच्या घरबांधणीसारखे ते होते : भिंती आपल्या, आराखडा दुसऱ्याचा, गळती कायमची. तरीही आपल्याला येथे रस आहे तो विजयंताच्या भावंडांत. त्याच्या धडावर पूल बसवून ‘कार्तिक’ झाला. त्याचेच धड लांबवून त्यावर सोव्हिएत बनावटीची १३० मिलिमीटरची ओढून न्यायची तोफ बसवली, तिचे नाव ‘कॅटापल्ट’. पुढे विजयंता निवृत्त झाला, तेव्हा ती तोफ ‘अर्जुन’च्या धडावर चढवण्यात आली. थोरल्याचे कपडे धाकट्याला, हा चाळीतला नियम आवडीच्या कारखान्यालाही चुकला नाही.

विजयंता आवडीचा खरा, पण या गणगोतातील बरीच मंडळी सह्याद्रीच्या या बाजूची आहेत. सैन्यासाठी पूल बनवणारी संशोधन संस्था पुण्याजवळ दिघीला आहे. अर्जुनची १२० मिलिमीटरची तोफ पुण्यात पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत घडली. स्फोटके आणि त्यांचे रसायन सुतारवाडीच्या प्रयोगशाळेचे. वाहनांची संशोधन संस्था अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. सोव्हिएत बीएमपीच्या भारतीय अवताराच्या, ‘सारथ’च्या धडावर आण्विक, जैविक व रासायनिक दूषण हुंगणारे टेहळणी वाहन तेथे विकसित झाले. सारथचे कुटुंब तर एखाद्या जुन्या वाड्यासारखे आहे : पायदळ वाहून नेणारा, रुग्णवाहिका, माती ढकलणारा डोझर, नदीचे पात्र मोजणारा इंजिनीअर-टेहळ्या, नाग क्षेपणास्त्र वाहणारा. यातले निम्मे सदस्य कधीच गोळी झाडण्यासाठी बनवलेले नाहीत.

नावांविषयी एक टीप. आपल्या रणगाड्यांची नावे महाभारतातून घेण्याची हौस आहे, पण महाभारताचा क्रम पाळला गेलेला नाही. रशियन घराण्यातल्या टी-९० चे भारतीय नाव ‘भीष्म’, आणि स्वदेशी रणगाडा ‘अर्जुन’. कुरुक्षेत्रावर समोरासमोर उभे असलेले हे दोघे येथे एकाच सैन्यात आहेत, आणि तरीही २०१० मध्ये राजस्थानच्या वाळवंटात त्यांची एकमेकांशी तुलनात्मक चाचणी झालीच. अर्जुनची तोफ आतून आटे पाडलेली. भीष्माची नळी गुळगुळीत आणि १२५ मिलिमीटरची. एकाचा गोळा दुसऱ्याला चालत नाही. एका छपराखाली दोन चुली मांडाव्यात तसे हे आहे. १९७४ मध्ये मंजूर झालेला अर्जुन सैन्यात येईपर्यंत २००४ उजाडले. आधी १२४ आणि पुढे १ए या सुधारित प्रकाराचे ११८ अशी त्याची मागणी राहिली. भीष्मांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे. वहीतला देश असे कधी करत नाही; तेथे स्वदेशी रणगाडाच नेहमी जिंकतो.

आता वहीच्या देशाला एक प्रश्न विचारू. रणगाड्याच्या वाटेत नदी आली, नदीच्या दोन्ही तीरांवर भूसुरुंग पेरलेले असले, आणि पलीकडे आपले पायदळ अडकलेले असले, तर पुढे कोण जाणार?

असे आधीही घडले होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये झोजिला खिंडीत, ११ हजार फुटांहून अधिक उंचीवर, सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे अचानक उगवले, तेव्हा समोरच्या टोळीवाल्यांचा डोळ्यांवर विश्वास बसला नसेल. पण त्याआधीचे काम कोणी पाहिले? वाटेतले पूल रणगाड्यांचे वजन पेलणार नव्हते, म्हणून त्यांचे बुरूज काढून वेगळे नेण्यात आले. खिंडीतली खेचरांची पायवाट मद्रास सॅपर्सनी रुंद केली, तेव्हा कोठे रणगाडे वर चढले. (‘बुरूज’ हा शब्द येथे किल्ल्याच्याच अर्थाने आहे. रणगाड्याच्या फिरत्या माथ्याला इंग्रजीत म्हणतात त्या ‘टरेट’चा मूळ अर्थ छोटा बुरूजच. शीवच्या टेकडीवरचा किल्ला जर चालू लागला असता, तर त्याला रणगाडा म्हणावे लागले असते.)

दुसरे उदाहरण अधिक जड आहे. डिसेंबर १९७१. पश्चिम आघाडीवर शकरगढच्या टापूत बसंतर नदी. पंधरा तारखेच्या रात्री ४७ व्या इन्फन्ट्री ब्रिगेडने नदी ओलांडून पैलतीरावर ठाणे घेतले. आता त्यांच्या पाठोपाठ १७ व्या पूना हॉर्सचे सेंच्युरियन रणगाडे जायचे होते. अन्यथा सकाळी शत्रूच्या रणगाड्यांपुढे पायदळ उघडे पडणार होते. मध्ये सुरुंगक्षेत्र होते. ९ व्या इंजिनीअर रेजिमेंटचे सॅपर त्यातून वाट काढत होते. सुरुंग काढण्याचे काम असे की त्यात घाई करता येत नाही, आणि समोरचा शत्रू तर घाई करायला भागच पाडतो. याच रेजिमेंटचे मेजर विजय रतन चौधरी या मोहिमेत सुरुंगातून वाटा काढता काढता मारले गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. वाट निम्मीच मोकळी झाली होती, तोच पैलतीरावरून खबर आली की शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल सुरू झाली आहे. पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल हनुत सिंग यांनी थांबायचे नाही असे ठरवले. उरलेली वाट मोकळी न करताच रणगाडे सुरुंगक्षेत्रातून पुढे निघाले आणि पलीकडे पोहोचले.

दुसऱ्या दिवशी, १६ डिसेंबरला, जरपाल गावाजवळ पाकिस्तानच्या १३ व्या लान्सर्सचे पॅटन चालून आले. पूना हॉर्सचा एक सेकंड लेफ्टनंट, वय २१ वर्षे, जन्म पुण्याचा, आपल्या ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमधून लढत होता. रणगाड्याला गोळा लागून आग लागली, तेव्हा वरिष्ठांनी त्याला बाहेर पडण्याचा आदेश दिला. तोफ अजून चालते आहे, असे कळवून तो आतच राहिला. त्यानंतरही त्याने शत्रूचे रणगाडे टिपले. मग आणखी एक गोळा लागला. अरुण खेत्रपालला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. १७ डिसेंबरला युद्धविराम झाला. एका दिवसाचा फरक.

पूना हॉर्सला हे दुसरे परमवीर चक्र. पहिले १९६५ चे, लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांचे. ते मुंबईत जन्मलेले. फिलोऱ्याच्या लढाईत जखमी झाल्यावरही त्यांनी मागे जाण्यास नकार दिला, आणि १६ सप्टेंबरला बुतूर-डोगरांडी येथे ते धारातीर्थी पडले. याच रेजिमेंटचा उगम जून १८१७ च्या पुणे तहात आहे. दुसऱ्या बाजीरावाकडून वसूल केलेल्या प्रदेशाच्या पैशावर इंग्रजांनी पुण्यात घोडदळ उभे केले. ज्या तहाने पेशवाईचे नाक कापले, त्याच तहातून पुण्याचे नाव लावणारी ही पलटण निघाली, आणि दीडशे वर्षांनी तिच्या नावावर दोन परमवीर चक्रे जमा झाली. इतिहासाला असा तिरकसपणा करण्याची सवय आहे.

फामागुस्ता आज अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. त्याच गावात १९९४ मध्ये उघडलेले रणगाडा संग्रहालयही आहे. मुंबईहून एका दिवसात जाऊन येता येते. तेथे मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, पकडलेले पॅटन आणि विजयंता उन्हात शेजारी शेजारी उभे आहेत. बघणाऱ्यांची गर्दी साहजिकच तोफांपाशी होते. तोफेसमोर उभे राहून छायाचित्र काढणे हा तरुणांचा हक्कच आहे. पण नंतर थोडे वाकून पट्टे पाहावेत. पट्ट्याची एकेक कडी माणसाने हाताने उचलायची, जोडायची आणि रणांगणावर तुटली तर बाहेर पडून पुन्हा जोडायची असते. बाहेर पडून हे करणाऱ्या माणसाभोवती चिलखत नसते.

आता शीवच्या काल्पनिक सैन्याचा हिशेब करू. पूर्वेला खाडी, खाजण आणि तिवरे. म्हणजे आधी पूल टाकणारे वाहन हवे. तेही असे की पूल टाकल्यावर सगळे पलीकडे गेले, की शेवटी स्वतः त्यावरून जाऊन पलीकडच्या टोकाने तो पुन्हा उचलून घेता येईल, कारण पुढचा नाला वाट पाहत असतो. कार्तिकसारख्या वाहनांची पद्धत हीच. मग रुतलेल्याला ओढणारे वाहन. त्याच्या चालकाला कोणी पदक देत नाही. मग माती ढकलणारे, जखमींना आणणारे, पाण्याची खोली मोजणारे. मिठागराचा बांध कापला तर भरतीचे पाणी कोठवर येईल, हे सांगायला मात्र वाहन लागत नाही. एक जुना कोळी पुरतो. एवढे झाल्यावर मग तोफवाला रणगाडा, आणि तोसुद्धा हलका, कारण चाळीस टनांचे धड येथे पहिल्याच ओहोटीत बसेल. भारतीय सैन्याला २०२० नंतर लडाखच्या उंचीवर हेच पुन्हा शिकावे लागले. त्यातून ‘झोरावर’ हा सुमारे २५ टनांचा हलका रणगाडा निघाला.

म्हणजे शीवचे ‘मार्क १’ हे तोफ नसलेले वाहन ठरते. वहीत ते पहिल्या पानावर काढायला हात धजत नाही, हे खरे आहे.

राहता राहिले खेत्रपाल कुटुंब. हे घराणे मूळचे सरगोध्याचे. फाळणीत पंजाबची ती बाजू सोडून निर्वासित म्हणून भारतात आले. शीव कोळीवाड्याच्या बराकींत उतरलेली पंजाबी माणसे ज्या वाटांनी आली, त्याच वाटांपैकी एकीवरून हेही आले. अरुणचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, सैन्यात होते, आणि त्यांची कोअर इंजिनीअर्सची होती : पूल बांधणाऱ्यांची, सुरुंग काढणाऱ्यांची. बसंतरच्या सुरुंगक्षेत्रात निम्मी वाट मोकळी होती, या वाक्याचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

२००१ मध्ये, ८१ व्या वर्षी, ते आपले जन्मगाव पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचे यजमान होते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. त्यांनी पाहुण्याची सर्व प्रकारे बडदास्त ठेवली. परतण्याच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितले की १६ डिसेंबर १९७१ रोजी ते १३ व्या लान्सर्समध्ये होते, समोर फामागुस्ता होता, आणि अरुण त्यांच्या हातून मारला गेला.

पाहुणा आणि यजमान दोघेही सैनिक होते. जे सांगायचे ते सांगून झाले, जे ऐकायचे ते ऐकून झाले. ब्रिगेडियर खेत्रपाल सरगोध्याचे आपले जुने घर पाहून परतले. शीवच्या बराकींत ज्यांचे संसार पुन्हा मांडले गेले, त्यांच्यातल्या बहुतेकांना आपले घर दुसऱ्यांदा पाहता आले नाही.